‘सुसाट’ची जाळी

“मानवजातीच्या इतिहासात खरे शोध दोनच. एक अग्नी आणि दुसरा वेग. बाकी सगळी किरकोळ दुरुस्ती,” भावोजी म्हणाले, आणि बोट बंद पडली.

बंद पडली हेही तितकंसं खरं नाही. इंजिन चालू होतं. उलट आधीपेक्षा जास्त ओरडत होतं. फक्त बोट जागची हलत नव्हती. मिनिटभरापूर्वी आम्ही मोरवंड्याची खाडी अशी कापत निघालो होतो की माझी टोपी मागच्या मागे कुठे गेली ते मला कळलंही नव्हतं. वाळूच्या पट्ट्याजवळून गेलो तेव्हा तिथल्या बायकांचा मोठा आरडाओरडा ऐकू आला. भावोजींना वाटलं, कौतुक चाललंय. त्यांनी मागे न बघता हात हलवला. मीही हलवला.

आणि आता आम्ही खाडीच्या मधोमध गोल गोल फिरत होतो.

“पाणी खात नाहीये,” भावोजी म्हणाले.

“मग काय खाल्लंय?”

या प्रश्नाचं उत्तर एका लहानशा होडीतून आमच्याकडे येत होतं. होडीत एक म्हातारे गृहस्थ उभे होते. उघडं अंग, कमरेला लाल पंचा, हातात लांब वासा. त्यांना कसलीच घाई नव्हती. ते जवळ आले, वासा वाळूत रोवला, होडी थांबवली आणि आमच्या बोटीच्या अंगावर रंगवलेलं नाव त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचलं.

“सु-सा-ट.”

“हो,” भावोजी म्हणाले.

“तुमच्या सुसाटीन माझां जाळां खाल्लां.”

हे जिवा तांडेल. तांडेल म्हणजे मासेमारीच्या होडीवरचा मुख्य. त्यांनी मोठ्या होड्यांवर जाणं सोडून बरीच वर्षं झाली होती. आता खाडीत वाशांना बांधलेलं एक जाळं, एवढाच त्यांचा कारभार. पण खाडीत काय चालायचं आणि काय नाही, हे अजूनही त्यांच्या मानेवर ठरायचं. मान हलली तर होय. आजवर ती किती वेळा हलली, यावर गावात मतभेद होते.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. भावोजी म्हणजे माझ्या नलूताईचे यजमान, मनोहर वालावलकर. विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागातून त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि डोंबिवलीचं घर बंद करून ते मूळ गावी, मोरवंड्याला आले. गोव्यातल्या कुठल्याशा बंद पडलेल्या जलक्रीडा केंद्रातली ही जेट बोट त्यांनी आणली. पर्यटकांना खाडीतून फिरवायचं, असा बेत. त्यांच्या मते या बोटीचा सर्वात मोठा गुण म्हणजे तिला पंखाच नव्हता. बोटीच्या पोटाला एक भोक असतं. त्यातून ती पाणी ओढते आणि मागच्या नळीतून जोरात फेकते. पंखा नाही, त्यामुळे कोळ्यांची जाळी कापली जाणार नाहीत, असं भावोजींनी गावच्या सभेत उभं राहून सांगितलं होतं. टाळ्याही मिळवल्या होत्या.

ते खरंही होतं. बोटीने जाळं कापलं नव्हतं. अख्खं गिळलं होतं.

त्या भोकावर एक जाळी असते. दगड, गवत, दोरखंड आत जाऊ नये म्हणून. बोट वाळूवर ओढून आम्ही तिच्याखाली आडवे झालो तेव्हा कळलं की त्या जाळीच्या दोन सळ्या गोव्यातच राहिल्या होत्या. उरलेल्या वाकलेल्या. आत, पोटात, तांडेलांचं जाळं इतकं घट्ट गुंडाळलं गेलं होतं की ते सोडवायला ताईची विळी आणावी लागली. ताई विळीच्या मागोमाग स्वतःच आली.

“ती विळी परत माझ्या स्वयंपाकघरात आणायची नाही,” ती म्हणाली.

“नवी घेऊ,” बोटीखालून भावोजी म्हणाले.

“आणि एक ऐकून ठेवा. नवऱ्याचं गाव म्हणून आले. पण मला इथे माणसांशी भांडून राहायचं नाही. तांडेलांनी नाही म्हटलं, की डोंबिवली. भांड्यांच्या खोक्यांची दोरी मी अजून सोडलेली नाही.”

हे खरं होतं. ताई येऊन चार महिने होत आले होते आणि ती दोन पातेली, एक कढई आणि एका पळीवर संसार करत होती. बाकीचा डोंबिवलीचा संसार स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, खोक्यांत, सुतळीच्या आवळलेल्या गाठींखाली बसून होता. भावोजी जेवताना त्या खोक्यांकडे पाठ करून बसत.

तांडेलांचा निकाल त्याच संध्याकाळी आला. ते स्वतः आले, अंगणात उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“वालावलकरानू, बोट काढा.”

“तांडेल, जाळीचा दोष होता. नवी जाळी बसवतो. आत काहीही जाणार नाही.”

“कायेक जाता नये?”

“काहीही नाही.”

तांडेलांनी अंगणातूनच एकदा खाडीकडे बघितलं. मग म्हणाले, “पुनवेच्या सकाळी, ओहोटीक, मी सोता बसान बघतलंय. जाळ्यावरसून न्येवची. एक धागो जरी आत गेलो, तर बोट खाडीत दिसता नये.”

“मान्य!” भावोजी म्हणाले.

आत स्वयंपाकघरात ताईने कढई जरा जोरात ठेवली.

मी त्या वेळी एका साप्ताहिकात मुद्रितं तपासत असे आणि रजा घेऊन दहा दिवस विश्रांतीला म्हणून मोरवंड्याला आलो होतो. बोट बनवणाऱ्या कंपनीचं माहितीपत्रक इंग्रजीत होतं आणि मी रोज इंग्रजीतल्या चुका काढतो अशी भावोजींची समजूत होती. त्यामुळे जाळीचा तज्ज्ञ मी ठरलो. पडवीत बसून मी वाचून दाखवू लागलो.

“ही पहिली. सर्वसाधारण पाण्यासाठी.”

“पुढे.”

“ही उथळ पाण्यासाठी. सळ्या जवळजवळ. गवत, गाळ, खडी अडते. पण पाणी कमी ओढलं जातं, त्यामुळे वेग कमी.”

“पुढे, पुढे.”

“भावोजी, आपली खाडी उथळच आहे.”

“मधू, पुढची वाच.”

“ही शर्यतीसाठी. सळ्या विरळ, पुढून बाक दिलेला. पाणी भरपूर आत येतं. बोटीला जास्तीत जास्त ओढ मिळते.”

“ही.”

“पण ही शर्यतीची आहे.”

“मग?”

“शर्यत कोणाशी?”

भावोजींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या फायलीत चुकीचा कागद लावला होता. “तू पाण्यावर बसला होतास ना त्या दिवशी? पहिली दोन मिनिटं? तुझी टोपी गेली ना?”

“गेली.”

“आमच्या विभागातून आजवर कुणाची टोपी गेलेली नाही,” भावोजी म्हणाले. “माझ्या टेबलावरून एक कागद वेगाने गेलेला नाही. मी सही करायचो, तो साहेबाकडे जायचा, साहेब रजेवर असायचा. माणूस मेल्यावर त्याच्या बायकोला आम्ही पत्र पाठवायचो, की आपल्या अर्जाचा विचार चालू आहे. एकदा तरी, मधू, मी कशाच्या तरी पुढे असायला हवा होतो.”

शर्यतीची जाळी एसटीच्या पार्सलने आली. आरशासारखी चकचकीत, बाकदार, मोजक्या सळ्यांची. कागद काढताच ताई म्हणाली, “अगंबाई, ताटं ठेवायला छान आहे.” भावोजींनी ती तिच्या हातून काढून घेतली आणि बोटीच्या भोकाला लावून बघितली. बोल्टची भोकंसुद्धा बरोबर जुळली. त्या सबंध प्रकरणात काही जुळलं असेल, तर तेवढंच.

नेमके त्याच वेळी तांडेल वाळूवरून चालत आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. खांद्यावर जाळ्याचा एक तुकडा होता.

“बघू.”

भावोजींनी अभिमानाने जाळी पुढे केली. तांडेलांनी जाळ्याचं टोक सळ्यांच्या फटीतून सुईत दोरा ओवावा तसं ओवलं आणि दुसऱ्या बाजूने ओढून काढलं. मग त्याच फटीतून स्वतःचा हात घातला. तो कोपरापर्यंत गेला. तो तसाच घालून ठेवून ते भावोजींकडे बघत राहिले.

“हेच्यातसून मी जातंय,” ते म्हणाले. “माझां जाळां भायर कशाक रवतला?”

“पण तांडेल, तुमचा हात—”

“करंगळी जाता नये.” त्यांनी हात काढून घेतला. “करंगळी गेली, तर बोट गेली.”

आणि गेले. जाताना वाळूच्या पट्ट्याकडे बघत थोडा वेळ उभे राहिले. पट्ट्यावर कोणी नव्हतं. भरती होती.

पुनव चार दिवसांवर आलेली. नवीन जाळी मुंबईहून मागवायला वेळ नव्हता. मग आम्ही तिठ्यावर मिंगेल फर्नांडिसकडे गेलो. मिंगेल खिडक्यांचं ग्रील करायचा. दुकान आधीच्या मालकाकडून घेतलं, तेव्हा पाटी कशाला उतरवायची म्हणून दुकानाचं नाव अजून श्री गजानन ग्रील वर्क्स होतं. पंचक्रोशीतल्या प्रत्येक खिडकीत त्याचा हात होता. भावोजींनी कागदावर आकृती काढून दिली. उभ्या सळ्या, एकमेकींच्या जवळ, मागचं टोक मोकळं, म्हणजे गवत आलं तर घसरून जाईल.

मिंगेलने कागद उलटसुलट केला.

“नक्षी खयची घालू?”

“नक्षी नको. ही खिडकी नाही. बोटीच्या पोटाखाली बसायची आहे. पाण्यात. तिथे कोण बघणार आहे?”

“मासे,” मिंगेल गंभीरपणे म्हणाला.

“नक्षी नको.”

“बरां. आडवे पट्टे किती?”

“आडवं काही नको! आडवं असलं की त्याला शेवाळ अडकतं. फक्त उभ्या सळ्या.”

मिंगेलने कागद खाली ठेवला. आपल्या धंद्याची कोणी थट्टा करतंय अशी त्याची मुद्रा झाली. “सायबानू, आडवी पट्टी नसली तर चोर सळी फाकवतलो.”

“कुठला चोर?”

“खयचोय.”

“मिंगेल, ती बोटीच्या खाली आहे. पाण्याच्या आत. चोर तिथे कशाला येईल?”

“तेच तर. कोण बघूक नाय थय.”

भावोजींनी कागद परत त्याच्या हातात दिला. त्यांनी फक्त फट किती हवी ते सांगितलं. करंगळी जाता कामा नये.

“कोणाची करंगळी?”

भावोजींनी आपली पुढे केली. मिंगेलने ती हातात घेतली, वळवून बघितली आणि खडूने तिची जाडी लोखंडाच्या पट्टीवर घेतली. आयुष्यभर पेनाखेरीज काही न उचललेली करंगळी ती. दोन अगरबत्त्या शेजारी ठेवाव्यात, एवढी फट निघाली.

आम्ही तीन दिवस तिठ्यावर खेपा घालत होतो. बुधवारी लाईट नव्हती. गुरुवारी लाईट होती, पण मिंगेल कुणाच्या तरी लग्नाला गेला होता. शुक्रवारी मिंगेल होता, लाईट होती, पण सळ्या संपल्या होत्या. भावोजींचा आवाज दर खेपेला एकेक पट्टी वर चढत गेला. शनिवारी दुपारी, पुनवेच्या आदल्या दिवशी, मिंगेल स्वतः सायकलच्या मागे बांधून जाळी घेऊन वाळूवर आला.

त्याने गोणपाट बाजूला केलं. चौकोनी सळ्या, अगदी जवळजवळ. त्यांवर दोन आडव्या पट्ट्या. आणि बरोबर मध्यभागी, डोंगरामागून उगवणारा अर्धा सूर्य, सात किरणांसकट. सगळ्याला रेडऑक्साईड मारलेला.

भावोजी जाळीकडे बघत राहिले. माझ्याकडे बघितलं. परत जाळीकडे बघितलं.

“नक्षी माझ्याकडसून,” मिंगेल म्हणाला. “नवीन धंदो हा तुमचो.”

“मिंगेल, हा सूर्य काढता येईल?”

“येयत. पण सोमवारी.”

“का?”

“उद्या रविवार. मिस्सा.”

आता जे होतं ते बसवण्याशिवाय इलाज नव्हता. ओहोटी होती म्हणून बोट वाळूवर होती. तासाभरात पाणी चढायला लागणार होतं. आम्ही दोघे ओल्या वाळूत पाठीवर झोपलो. वर बोटीचं पोट, त्याच्यावर शिंपले, आणि डोळ्यांत पडणारी वाळू. जुन्या जाळीचे तीन बोल्ट खाऱ्या पाण्याने इतके धरले होते की पहिल्यावरून पाना सटकून भावोजींच्या हनुवटीवर आला. दुसऱ्याचं डोकं गोल झालं. तिसरा निघाला, पण अर्धाच. बाकीचा आत राहिला.

“धर!” भावोजी ओरडले.

“काय धरू?”

“जे पडतंय ते!”

“सगळंच पडतंय!”

मिंगेल वाळूत उकिडवा बसून सल्ला देत होता. “तेल घाला.” घातलं. “आता तापवा.” तापवलं. “आता थोडो वेळ गप रवा.” हा सल्ला भावोजींनी मनावर घेतला नाही. कुठल्याही पत्रात न लिहिलेले शब्द बोटीखालून ऐकू येऊ लागले. आयुष्यभर ‘आपला विश्वासू’ लिहिणाऱ्या माणसाकडे एवढा साठा असेल याची मला कल्पना नव्हती. शेवटी मिंगेलच सरपटत आत आला आणि त्याने दोन भोकं कानशीने वाढवून जाळी कशीबशी बसवली. चोर येणार नाही याची खात्री म्हणून तिसरी बाजू तारेने आवळून टाकली. आम्ही बाहेर सरकलो तेव्हा पाणी माझ्या कानाला लागत होतं.

“बेस्ट,” मिंगेल म्हणाला. “आता घरात कोण शिरूचो नाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तांडेल छत्री घेऊन आले. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता. छत्री मिटलेलीच होती. ती दोन गुडघ्यांमध्ये धरून ते बोटीच्या मधल्या बाकावर बसले, परीक्षक बसतात तसे. काठावर पंधरा-वीस माणसं जमली होती. ताई त्यांच्या मागे, जरा लांब, नारळाच्या झाडाला टेकून उभी होती.

भावोजींनी किल्ली फिरवली. इंजिनाने अशी डरकाळी फोडली की काठावरचे बगळे उडाले. भावोजींच्या चेहऱ्यावर उजेड पडला. त्यांनी दांडा पुढे ढकलला. डरकाळी दुप्पट झाली.

बोट निघाली. निघाली असं म्हणावं लागतं, कारण थोड्या वेळाने काठावरचं माडाचं झाड जिथे होतं तिथे ते नव्हतं, किंचित मागे होतं. मिंगेलच्या फटींतून पाणी येत होतं, पण ते परवानगी घेऊन आल्यासारखं. इंजिन शर्यतीत होतं आणि बोट वरातीत.

“अजून द्या,” मी म्हटलं.

“दिलंय!” भावोजी दात ओठ खात म्हणाले. “सगळं दिलंय!”

काठाकाठाने एक माणूस म्हैस घेऊन चालला होता. आम्ही बराच वेळ त्याच्या बरोबरीने होतो. मग म्हैस गवत खायला थांबली आणि आम्ही पुढे गेलो. काठावर कोणीतरी टाळ्या वाजवल्या. भावोजींच्या मानेवरची शीर मला मागून दिसत होती.

जाळं उजवीकडे होतं, वाशांच्या रांगेत. भावोजी त्या बाजूला वळवू लागले.

“थय नको,” तांडेल म्हणाले. “आदी थय.” त्यांनी छत्रीने डावीकडे दाखवलं. वाळूचा पट्टा.

“पण तांडेल, जाळं इकडे आहे.”

“थय चला.”

पट्ट्याच्या कडेला, कमरेएवढ्या पाण्यात, आठ-दहा बायका ओळीने उभ्या होत्या. ओहोटीला त्या तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढायला येतात. पायाने वाळू चाचपायची, शिंपला लागला की बुडी मारून उचलायचा, पाण्यावर तरंगत्या टोपलीत टाकायचा. टोपलीची दोरी कमरेला. सगळ्यात पुढे एक ठेंगणी, पिकल्या केसांची बाई होती. आमची बोट डरकाळ्या फोडत तिच्यासमोरून गेली. तिच्या टोपलीखालचं पाणी जेमतेम हललं. टोपली एकदा वर गेली, एकदा खाली आली, आणि थांबली.

ती बाई कमरेवर हात ठेवून बघत होती. तिने बोटीवरचं नाव वाचलं. मग बाकावर छत्री धरून बसलेल्या तांडेलांकडे बघितलं.

“काय वो तांडेलानू,” तिने हाक घातली, “सुसाट खय चाललास? पोचासर माझ्या नातवाचा लगीन होतला!”

बाकीच्या बायका हसून पाण्यात वाकल्या.

“गप गो द्वारके,” तांडेल पुटपुटले. ती त्यांची बायको होती.

पण द्वारकाबाई गप बसणाऱ्यातल्या नव्हत्या. आता त्यांनी भावोजींना धरलं. “आणि वालावलकरानू! त्या दिसा तुमच्या लाटेन माका उताणी पाडल्यान, भरलेली टोपली न्हेल्यान, तोंडात वाळू भरली. मी बोंब मारतंय, आणि तुमी? हात हलवन दाखवलास!” मग माझ्याकडे बोट केलं. “हेनी पण!”

भावोजींचा हात दांड्यावरून आपोआप मागे आला. इंजिन शांत झालं. पाण्याचा आवाज येऊ लागला. मी माझ्या पायांकडे बघत होतो.

“जाळ्यावर चला,” तांडेल खाकरून म्हणाले.

जाळ्यावर गेलो. जाळ्यावरून गेलो. जाळ्यावर थांबलो. तांडेलांनी वाकून खाली बघितलंही नाही. त्यांची नजर मागे, पट्ट्याकडे होती. तिथे द्वारकाबाई पुन्हा पायाने वाळू चाचपत होत्या.

“जाळां साफ आसा,” ते म्हणाले.

काठाला लागल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर निकाल सांगितला. “बोट चलात. पण हीच जाळी रवाक व्हयी.” आणि मान हलवली. लोकांनी ती हललेली बघितली. मिंगेल मिस्सा आटपून नुकताच पोचला होता. त्याने शेजाऱ्याला सांगितलं की आतला सूर्य त्याचा आहे.

संध्याकाळी भावोजी पडवीत बसले होते. बोटीला परवानगी मिळाली होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुतक होतं. मांडीवर शर्यतीची ती चकचकीत जाळी होती. शेजारी पाना आणि तेलाची बुधली. ते फडक्याने एकेक सळी पुसत होते.

“मधू,” ते हळू आवाजात म्हणाले, “पोटाखाली काय आहे ते कोण बघतंय?”

“मासे,” मी म्हटलं.

त्यांना हसू आलं नाही. “बायका असतील तिथे मी हळू घेईन. शपथेवर. पण पुढे, खाडीच्या तोंडाशी कोण असतं? तिथे फक्त दोन मिनिटं. उद्या पहाटे ओहोटीला बदलून टाकू. तीनच तर बोल्ट आहेत.”

“दोन बोल्ट आणि तार.”

“तेच ते.”

ताई दारात येऊन उभी राहिली होती. हातात कात्री. मागे कोपऱ्यातली खोकी तिने स्वयंपाकघराच्या मध्यभागी ओढून आणली होती, सुतळीच्या गाठींसकट. तिने पान्याकडे बघितलं.

“तो कशाला काढलात?”

“तेल लावून ठेवतोय,” भावोजी म्हणाले. “गंजतो.”

ताई कात्री तशीच हातात धरून उभी राहिली.

तेवढ्यात तांडेल अंगणात आले. हातात केळीच्या पानाची पुडी. या वेळी बसा म्हणायच्या आधीच पायरीवर बसले. पुडी ताईच्या दिशेने सरकवली.

“बांगडे. द्वारकेन दिल्यान. ताजे आसत.”

“कशाला हो उगाच,” ताई म्हणाली, पण पुडी उचलली नाही. तिचं लक्ष पान्याकडे होतं.

भावोजींनी अजून एक सळी पुसली. मग भावोजी म्हणाले, “तांडेल, त्या दिवशी जे जाळं आत गेलं... फार नुकसान झालं का हो तुमचं?”

“कसला नुकसान? फाटक्याच होता,” तांडेल म्हणाले. “टाकूचाच होता.”

भावोजींचं फडकं थांबलं.

तांडेलांनी हात पुढे करून त्यांच्या मांडीवरची जाळी उचलली. उलटी केली, सुलटी केली, सळ्यांवरून अंगठा फिरवला. त्या फटीतून पुन्हा एकदा हात घालून बघितला. मग पडवीच्या उजेडात ती आडवी धरली, चुलीवर ठेवावी तशी.

“वालावलकरानू,” ते म्हणाले, “ही आता तुमका लागाची नाय. माका द्या. बांगडे भाजूक बरी आसा.”